उजवीकडे सोडलेली जागा

पोलादपूरच्या एसटी स्टँडसमोर, वडापावच्या गाडीमागे, भरत उतेकरचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म असं सगळं ठळक लिहिलेलं आहे आणि अगदी तळाशी, उन्हाने उडालेल्या अक्षरांत, ‘वेबसाइट बनवून मिळेल’. नवा माणूस ही ओळ वाचून हसतो. पोलादपुरात वेबसाइट कोणाला हवी? पण भरतने ती ओळ खोडू दिली नाही. पाटी मध्ये एकदा नव्याने रंगवली, तेव्हाही त्याने रंगाऱ्याला बजावलं होतं, की तेवढी ओळ मी माझ्या हाताने लिहिलीय, तिला हात लावू नकोस. म्हणून बाकी पाटी चकचकीत आणि ती ओळ पुसट. हट्टी माणसाची पाटी आणखी कशी असणार?

भरत मूळचा करंजकोंडचा. उमरठ मागे टाकून वर चढत गेलं की डांबर संपतं आणि मूठभर घरं दिसतात, तीच ही वाडी. उतारावर नाचणी-वरी, खाली थोडी भाताची खाचरं, आणि प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी मुंबईत. भरतही दहावीनंतर गेला. लालबागला लग्नपत्रिकांच्या छापखान्यात लागला आणि तिथे कॉम्प्युटर शिकला. छापखान्याच्या मालकाने कुठून तरी वेबसाइट बनवायचं एक सॉफ्टवेअर आणलं होतं. पत्रिका मांडावी तशी त्यात पानं मांडायची. फोटो माऊसने धरायचा, ओढत आणायचा, हवा तिथे सोडायचा. त्यामागची सगळी इंग्रजी भानगड ते सॉफ्टवेअर स्वतःच लिहायचं. मालकाला त्याचा कंटाळा आला, पण भरतला त्याचं वेडच लागलं. वडील अंथरुणाला खिळले म्हणून तो गावी परतला, तेव्हा पिशवीत कपडे कमी आणि त्या सॉफ्टवेअरच्या सीडी जास्त होत्या.

पुढे ते सॉफ्टवेअर ज्यांनी काढलं त्यांनीच बंद केलं. नव्या कॉम्प्युटरवर ते चालेना. पण त्या काळात त्यावर बनवलेल्या साइट महाड-पोलादपूर भागात होत्या, आणि जुन्या झाल्यावर त्या माणसासारख्याच कुरकुरू लागल्या. मग लोक भरतकडे यायचे. कोणाची मराठी अक्षरं जाऊन तिथे भलतीच चिन्हं उमटलेली असायची, कारण अक्षरांचा तो जुना फाँट फक्त पत्रिका छापणाऱ्यांकडेच असायचा. बिरवाडीच्या एका खानावळवाल्याची साइट कंपनीतल्या कामगारांना डबे पुरवायची म्हणून होती, तिच्यात डाव्या बाजूची बटणं उजवीकडच्या मजकुरावर चढून बसली होती. महाडचा बुद्धरत्न चवदार तळ्यावरच्या मार्चमधल्या मेळाव्याचे फोटो दरवर्षी आपल्या मंडळाच्या साइटवर लावायचा. एका वर्षी तो तावातावाने आला. त्याला सगळे फोटो दिसत होते, पण नागपूरच्या पाहुण्यांना एकही नाही.

भरतने त्याला पाणी दिलं आणि आपला नेहमीचा प्रश्न विचारला, “तू कुठं बघितलंस? तुझ्याच मशिनवर ना?”

मग त्याने समजावून सांगितलं. फोटो ओढून आणताना तो आधी साइटच्या फोल्डरमध्ये ठेवायचा असतो. घाईत थेट कॅमेऱ्याच्या फोल्डरमधून ओढला तर पानावर फोटो येत नाही, नुसता त्याचा पत्ता येतो, आणि पत्ता असतो तुझ्या घरातल्या मशिनचा. तुझ्या मशिनला तो सापडतो, त्यामुळे तुला फोटो दिसतो. बाकी जगाला रिकामा चौकोन. बुद्धरत्नने कपाळावर हात मारला आणि दोघे खूप हसले. आपणही कधी असं केलंय का, हे बघावं असं काही त्या दिवशी भरतच्या मनात आलं नाही.

आता या सगळ्यात रंगूकाकी कुठून आली, ते सांगायला हवं.

करंजकोंडच्या मुंबई मंडळाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा भरतने वाडीची वेबसाइट बनवली. हौसेने, पदरचा वेळ घालून. प्रत्येक घराचं एक पान, पानावर घराचं नाव आणि उंबऱ्यात उभ्या माणसांचा फोटो. दिवाळीत दारोदार हिंडून त्याने फोटो काढले. रावजी चोरग्यांच्या घरी आला तेव्हा रावजीकाका खुर्चीत ताठ बसले आणि रंगूकाकी मागे उभी राहिली. दोघांच्याही तोंडावर हसू नव्हतं. त्या घरात त्याच वर्षीच्या शिमग्यात व्हायला नको ते होऊन गेलं होतं.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुनील हा भरतचा वर्गमित्र. एमआयडीसीत कामाला होता, बिरवाडीत खोली घेऊन राहायचा. तिथेच शेजारच्या सारिकाशी त्याने लग्न केलं. मुलगी दुसऱ्या जातीची. रावजीकाकांनी घर डोक्यावर घेतलं, पण सुनीलला वाटलं, शिमग्यापर्यंत राग निवेल. पालखीचा पुढचा दांडा धरायचा मान चोरग्यांचा. सुनील पांढरा सदरा घालून आला आणि दांड्याला हात घातला. सगळी वाडी जमली होती, ढोल वाजत होता. रावजीकाका पुढे झाले, त्यांनी मुलाचा हात दांड्यावरून काढला आणि चुलत पुतण्याचा हात तिथे ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. ढोल थांबला होता, तो पुन्हा वाजायला लागेपर्यंत सुनील पायवाटेने खाली उतरला होता. तो परत आला नाही. बिरवाडीची खोलीही सोडली. त्याचा मोबाइल लागेना. भरतने मुंबईत गाववाल्यांकडे खूप चौकशी केली, पण कोणी सुरत सांगे, कोणी पुणे.

रावजीकाकांनी हाय खाल्ली. तोंडाने कधी कबूल केलं नाही, पण पुढच्या पावसाळ्यात गेलेच. त्यांच्यानंतरच्या पहिल्या शिमग्याला रंगूकाकीने भरतला दारात अडवलं. त्या कॉम्प्युटरमधला फोटो कुठे कुठे दिसतो, असं तिने विचारलं. भरत तेव्हा ऐन उमेदीत होता. तो म्हणाला, साऱ्या जगात.

“सुन्या असंल तितं पन?”

“तितं पन.”

मग तिने जुना फोटो काढून नवा लावायला सांगितला. लुगडं बदलून आली आणि उंबऱ्यात उभी राहिली, पण एका अंगाला. भरतने तिला मध्ये यायला सांगितलं. ती हलली नाही. उजवीकडची जागा सुन्याची, ती तशीच दिसू दे, म्हणाली. आणि फोटोवर लिहायलाही सांगितलं. भरतने दुकानात येऊन, पत्रिकेवर लिहायचा त्याच वळणदार अक्षरांत, तिचे शब्द फोटोच्या खालच्या कडेला बसवले: ‘सुन्या, घर उघडं हाय. ये.’

तेव्हापासून दर शिमग्याला हा नेम झाला. पालखी दारातून पुढे गेली की काकी उंबऱ्यात डावीकडे उभी राहायची, भरत फोटो काढायचा. दरवर्षी नवा फोटो हवा, असं तिचं म्हणणं. आई कशी दिसते ते त्याला कळायला नको? ती वाळत गेली, केस पांढरे झाले, तिच्यामागच्या दाराचा रंग बदलला, एका वर्षी उजव्या जागेत कोंबडी येऊन उभी राहिली, तिला हुसकून पुन्हा फोटो काढला. नंतर बाजाराच्या दिवशी काकी दुकानात यायची. भरत त्या जुन्या मशिनवर वाडीची साइट उघडून तिला तिचं पान दाखवायचा. पानाच्या तळाशी किती जणांनी बघितलं त्याचा आकडा असायचा. तो वाढलेला दिसला की काकीचा चेहरा उजळायचा. तो आकडा बहुतेक भरतच्याच उघडण्याने वाढायचा, हे त्याला ठाऊक होतं. पण तेवढ्यासाठी म्हातारीचं तोंड कशाला उतरवा?

यंदा गणपतीला मुंबईहून श्रुतिका आली. मंडळाच्या सेक्रेटरीची मुलगी, कॉम्प्युटरमध्येच नोकरीला, आणि स्वभावाने इतकी मऊ की चूक दाखवतानाही आपलीच चुकल्यासारखं बोलते. वाडीची साइट मोबाइलवर नीट दिसत नाही, नवीन करूया का, असं विचारायला ती दुकानात आली होती. जुनी जमेल तितकी जपू, असंही म्हणाली. भरतला तेवढंही लागलं. त्याने जुन्या मशिनवरचं फडकं काढलं आणि साइट उघडून एकेक घर दाखवलं. बघ, म्हणाला, काही बिघडलंय का?

चोरग्यांचं पान आलं तशी श्रुतिका पुढे वाकली. “इथे फोटो आहे?” तिने विचारलं.

तिच्या आवाजाने भरत चमकला. तिने आपला लॅपटॉप उघडून तेच पान लावलं. वर घराचं नाव होतं. खाली रिकामा चौकोन, कोपऱ्यात फाटक्या चित्राची बारीकशी खूण. श्रुतिका म्हणाली, ती शाळेत असल्यापासून हे पान असंच बघत आलीय. घरी बाबांना एकदा विचारलंही होतं. बाबा म्हणाले, सुनीलच्या प्रकरणानंतर रंगूकाकीने आपला फोटो काढून घेतला असेल. घरातली दुखरी गोष्ट आहे, विचारू नये. मंडळातल्या सगळ्यांचा हाच समज. कोणी बोललं नाही, कारण बोलणं बरं दिसलं नसतं.

वाडीच्या माणसांची ही रीत भरतला चांगली माहीत होती. एरवी कोणाच्या चुलीवर काय शिजतंय ते विचारतील, पण जखम दिसली की मान फिरवतील. त्याला वाटायचं, हा आपल्या लोकांचा चांगुलपणा.

श्रुतिकाने पानामागची इंग्रजी भानगड उघडली आणि फोटोचा पत्ता वाचून दाखवला. डी ड्राइव्ह, शिमगा, काकी. पुढे वाचायची गरज नव्हती. तो डी ड्राइव्ह भरतच्या गुडघ्याला लागून टेबलाखाली गुरगुरत होता. बाकी घरांचे फोटो त्याने सुरुवातीला निवांतपणे, एकेक करून साइटच्या फोल्डरमध्ये ठेवून लावले होते. त्यांना नंतर हात लावायचं कारणच पडलं नाही. काकीचा फोटो मात्र दर शिमग्याला, दुकानात गर्दी असताना, थेट कॅमेऱ्याच्या फोल्डरमधून ओढून आणला होता. आणि बघितला होता तो इथेच, याच मशिनवर. नवीन मशिन गिऱ्हाइकांच्या फॉर्मसाठी. मोबाइलवर पान इवलंसं दिसे, म्हणून तिथे त्याने ते कधी उघडलंच नाही.

म्हणजे साऱ्या वाडीची घरं जगाला दिसत होती, माणसांनी भरलेली. रिकामं फक्त एकच. आणि आधी त्या जागी रावजीकाका आणि काकी होते, काका गेल्यावर रिकामं.

श्रुतिका त्याची समजूत घालत राहिली, असं सगळ्यांचंच होतं म्हणाली. भरत हो हो म्हणत राहिला. ती गेल्यावर तो मागच्या बाजूला जाऊन बसला आणि रडला. त्याची बायको पूजा झेरॉक्स मशिन तसंच सोडून आत आली. तिला सांगायलाही त्याला शब्द जुळवावे लागले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच तो कामाला बसला. सगळ्या वर्षांचे शिमग्याचे फोटो त्याने साइटच्या फोल्डरमध्ये आणले. एकच फोटो न लावता एकाखाली एक सगळे लावले, पहिल्यापासून यंदाच्यापर्यंत. प्रत्येकात काकी डावीकडे, उजवीकडे मोकळी जागा, खाली तेच शब्द. मग पूजाच्या फोनवर बघितलं. वडापाववाल्याच्या फोनवर बघितलं. स्टँडवर जाऊन कंट्रोलरच्या कॉम्प्युटरवरही बघून आला. कंट्रोलरने विचारलं, भरतशेठ, आज काय विशेष?

काकीला सांगायचं त्याच्या मनात होतं. पूजाही म्हणत होती, सांगून टाका. पण गणपती गेले, नवरात्र गेलं, दर बाजारी काकी आली, आणि भरतने तिला फोटो दाखवले, तेवढंच. आता दिसतोय ना, मग उगाच तिच्या जिवाला घोर कशाला, असं तो स्वतःला बजावायचा. खरं तर त्याची जीभच रेटत नव्हती. काकीला सगळे फोटो एकदम बघून फार आनंद झाला. यंदा नक्की बघंल, म्हणाली.

दिवाळी सरत आली होती. दुकानात दाखल्यांसाठी रांग लागली होती, तेवढ्यात साइटच्या पहिल्या पानावर दिलेल्या नंबरावर फोन आला. बाईचा आवाज. तुम्ही भरतभावोजी ना, असं तिने विचारलं. मग म्हणाली, मी सारिका. सुनीलची.

भरत फोन घेऊन रस्त्यावर आला. एसटीच्या हॉर्नात त्याला नीट ऐकू येईना, पण जे ऐकलं ते पुरे होतं. ती दोघं वापीला राहिली. मुलगी झाली, दिशा. सुनील दर शिमग्याला वाडीची साइट उघडायचा, आधी सायबर कॅफेत, मग मोबाइलवर. सगळी घरं बघायचा, माणसं ओळखून दिशाला नावं सांगायचा. आपलं पान शेवटी उघडायचा. पहिल्या वर्षी तिथे आई-वडील होते. नंतर चौकोन. वडील गेल्याचं त्याला कुठून तरी कळलं होतं.

“ते म्हणायचे, बाबा गेल्याचा ठपका आईने माझ्यावर ठेवला,” सारिका सांगत होती. “सगळ्यांचे फोटो आहेत, आपलाच तेवढा काढून टाकला. म्हणायचे, बाबांनी हात काढला, आईने घरच काढलं.”

भरतने विचारलं, सुनील कुठे आहे. त्याला द्या फोन.

सुनील दोन पावसाळ्यांपूर्वी काविळीने गेला होता. सारिकाने कळवलं नाही, कारण कळवून कोणाला काही वाटेल असं तिला वाटलंच नव्हतं. काल दिशाने बाबांचं गाव बघायचं म्हणून साइट उघडली, आणि चौकोनाच्या जागी आजी होती. एकीखाली एक, म्हातारी होत जाणारी. दिशाने खालचे शब्द मोठ्याने वाचले. मग सारिका म्हणाली, आईंना तुम्हीच सांगा, भावोजी. मला जमणार नाही.

भरतने काकीला सगळं सांगितलं नाही. पूजाला घेऊन तो वर वाडीत गेला. काकी अंगणात नाचणीची कणसं झोडत होती. मुलगा गेल्याचं त्याने सांगितलं. ते कसं सांगितलं आणि तिने कसं ऐकलं, ते लिहिण्यात काही अर्थ नाही, कोणालाही कळेल. शेजारच्या बाया धावत आल्या. काकीने कपाळ बडवून घेतलं. सगळ्या पांगल्यावर तिने भरतला जवळ बोलावलं आणि एवढंच विचारलं, माजा फोटो त्यो बघत व्हता का?

“हो काकी,” भरत म्हणाला. “दर शिमग्याला उघडून बघायचा.”

हे अक्षर न् अक्षर खरं होतं. म्हातारीला तेवढाच आधार, असं वाटून तो बोलून गेला. काकीने मान हलवली. तिचा चेहरा निवेल अशी त्याची अपेक्षा होती, पण तसं काही झालं नाही.

पंधरवडा गेला. काकी बाजाराला आली नाही. वाडीतून कानावर यायला लागलं, की रंगूकाकी आता मुलाचं नावही काढू देत नाही. आईचं बोलावणं डोळ्यांनी वाचून ज्याने पाठ फिरवली, तो बापाच्याच वळणावर गेला, असं दारात आलेल्या प्रत्येकाला सांगते. मग सारिकाचा फोन आला. तिने गावात कोणाकडून तरी काकीशी बोलणं करवलं होतं. मे महिन्यात दिशाला घेऊन येऊ का, असं विचारलं होतं. काकी म्हणाली, ज्याला यायचं व्हतं त्यो आला नाय, आता तुमी येऊन काय करनार? आणि फोन ठेवला. दिशा ते ऐकत होती.

भरत त्या दिवशी दुकान पूजावर सोडून निघाला. उमरठपर्यंत गाडी होती, पुढे पायी गेला. वाटेत त्याने कसं बोलायचं ते ठरवलं होतं, पण काकीला ओटीवर बसलेली बघितल्यावर काहीच आठवेना. तिने त्याला बस म्हटलं नाही. तीच बोलली.

“त्यो बघत व्हता मंतोस. मंग आला का नाय?”

या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते टाळलं तर मेलेला सुनील आईच्या मनात कायमचा दगड होऊन बसणार होता.

“त्याला तुजा फोटो दिसतच नव्हता, काकी,” भरत म्हणाला. “त्याला रिकामा चौकोन दिसायचा. चूक माजी. फोटो माज्याच मशिनवर व्हता. भायेर कोनालाच दिसला नाय.”

तिला पटकन उमगेना. बाजाराला यायची तेव्हा दाखवत होतास ते काय, तिने विचारलं. ते माज्याच मशिनवर, भरतने पुन्हा सांगितलं. दरवर्षी? दरवर्षी. सगळ्यांचे फोटो होते ना, मग? सगळ्यांचे होते, काकी. तुझाच नव्हता. सारिका काय म्हणाली, तेही त्याने शब्द न गाळता सांगितलं. आईने घरच काढलं, हेसुद्धा.

काकी उजव्या बाजूच्या रिकाम्या ओटीकडे बघत राहिली. रडली नाही. आत कोंबडी कुठे तरी उकरत होती, तिचाच आवाज येत होता.

“मंजे त्याला वाटलं, म्यांच दार लावलं.”

भरतला मान वर करवेना.

“माजा पोर वाईट नव्हता,” ती म्हणाली. मग पुन्हा तेच म्हणाली, जरा हळू. मग उठली. “ती बाई पोरीला घेऊन येत असंल तर येऊ दे. तू सांग तिला. आन तू जा आता, भरता.”

तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. भरत पायवाटेने खाली उतरला. याच वाटेने सुनीलही उतरला होता, हे त्याला उमरठच्या थांब्यावर पोचेपर्यंत सुचलं नाही. सुचलं तेव्हा तो थांब्यावरच बसून राहिला आणि आलेली गाडी त्याने जाऊ दिली.

त्यानंतर काकी त्याच्याशी बोलली नाही असं नाही. बाजाराला यायची, पूजाशी बोलायची, भरतलाही बरं हाय का विचारायची. पण कॉम्प्युटर उघड असं तिने पुन्हा कधी म्हटलं नाही. जुन्या मशिनवरचं फडकं तसंच राहिलं. दुकानात कोणी जुनी साइट घेऊन आलं आणि फोटो दिसत नाहीत म्हणालं, तर भरत ते काम करून द्यायचा, पण आपला नेहमीचा प्रश्न त्याने पुन्हा कोणाला विचारला नाही.

शिमगा आला. बोलावणं येईल की नाही, याचा भरतला भरवसा नव्हता. तरी तो कॅमेरा घेऊन वर गेला. पालखी चोरग्यांच्या दारात आली, काकीने नारळ ठेवला, पालखी पुढे गेली. भरत अंगणाच्या कडेला उभा होता. काकीने त्याच्याकडे बघितलं आणि काढ म्हणाली.

मग ती उंबऱ्यात उभी राहिली. अगदी मधोमध. पहिल्या वर्षी त्याने सांगूनही ती मध्ये आली नव्हती, आज न सांगता आली होती. तिच्या दोन्ही बाजूंना सारखीच थोडी थोडी जागा उरली होती. भरतने कॅमेरा डोळ्याला लावला आणि पुन्हा खाली घेतला. काकी वाट बघत उभी राहिली. खाली काय लिहायचं, ते तिने सांगितलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही. त्याने फोटो काढला.

दुकानात आल्यावर त्याने तो साइटच्या फोल्डरमध्ये ठेवला, पानावर लावला आणि पूजाच्या फोनवर उघडून बघितला. दिसत होता.

संध्याकाळी वापीहून फोन आला. दिशा होती. परीक्षा संपली की मे महिन्यात आम्ही येतोय, म्हणाली, आजीला सांगा. नवीन फोटो तिने बघितला होता. मग तिने विचारलं, “काका, आजी यावर्षी मध्येच का उभी राहिली?”

भरतने फोन पूजाच्या हातात दिला आणि झेरॉक्ससाठी थांबलेल्या माणसाकडे वळला.